आर१टी ट्रकचे टायर बदलताना: २० इंच, २१ इंच की २२ इंच?

रिव्हियनचा आर१टी हा विजेवर चालणारा पिकअप ट्रक घेताना पेट्रोलचे किती पैसे वाचतील याचा हिशेब प्रत्येक जण करतो. टायरवर किती खर्च होतील याचा हिशेब मात्र पहिला संच गुळगुळीत होईपर्यंत सहसा कोणी करत नाही. तो येथे आधीच मांडून ठेवतो, कारण पुढची सगळी निवड त्यावर अवलंबून आहे. चार चांगले टायर, बसवण्याच्या मजुरीसह, साधारण दोन हजार डॉलरच्या घरात जातात. ते तीस हजार मैल टिकले असे धरले, तर मैलामागे टायरचा खर्च साडेसहा सेंटच्या पुढे जातो. हाच ट्रक एका मैलाला सुमारे अर्धा युनिट वीज घेतो आणि घरच्या विजेचा दर युनिटला १५ सेंट धरला, तर विजेचा खर्चही मैलामागे साडेसात सेंटच होतो. म्हणजे घरी चार्ज करणाऱ्या माणसासाठी वीज आणि टायर हे जवळजवळ एकाच तोलाचे खर्च आहेत. विजेचा दर आपल्या हातात नाही. टायर किती काळ टिकेल हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या निवडीवर आणि सवयींवर ठरते.

हे परीक्षण पहिल्या पिढीच्या, चार मोटरींच्या आर१टीपुरते आहे. आमचा ट्रक २० इंची चाकांवर आणि ऑल-टेरेन टायरवर, म्हणजे पक्क्या आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठी असलेल्या टायरवर आला. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या उपनगरात राहत असल्यामुळे रोजचे जाणे-येणे काँक्रीटच्या रस्त्यांवर होते, सुट्टीच्या दिवशी आय-७० महामार्गाने डोंगरात जाणे होते, वर्षातून काही वेळा खडीच्या रस्त्यावर आणि हिवाळ्यात बर्फावर ट्रक चालतो, ट्रेलर मात्र क्वचितच जोडला जातो. ज्यांचा वापर याहून वेगळा आहे, त्यांनी माझा निष्कर्ष तसाच उचलू नये. मोजण्याची रीत तेवढी घ्यावी.

कंपनीने या ट्रकसाठी तीन मापे दिली: २० इंची चाकावर २७५/६५ आर २० मापाचा ऑल-टेरेन टायर, २१ इंची चाकावर २७५/५५ आर २१ मापाचा रस्त्याचा टायर, आणि २२ इंची चाकावर २७५/५० आर २२ मापाचा स्पोर्ट टायर. चाकाचा आकडा वाढला की टायर मोठा होतो, असा सार्वत्रिक समज आहे. येथे नेमके उलटे आहे. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. तिसरा आकडा रिमचा व्यास, इंचांत. गुणाकार करून पाहिला तर २० इंची चाकावरच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ८६६ मिलिमीटर, २१ इंचीचा ८३६ आणि २२ इंचीचा ८३४ मिलिमीटर भरतो. म्हणजे सर्वांत लहान रिम असलेले चाकच सर्वांत उंच आहे, आणि २१ व २२ इंचांमध्ये बाहेरून दोन मिलिमीटरचाच फरक आहे. खरा फरक आहे तो रबराच्या उंचीचा: २० इंचीमध्ये रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सुमारे १७९ मिलिमीटर टायर असतो, २२ इंचीमध्ये जेमतेम १३७. डेन्व्हरमध्ये मार्च-एप्रिलमध्ये रात्री गोठणारे आणि दिवसा वितळणारे पाणी रस्त्यांना जे खड्डे पाडते, ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे ४२ मिलिमीटर कशासाठी लागतात ते वेगळे सांगायला नको.

व्यासातला हा फरक आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावा लागतो. २१ इंची चाके काढून २० इंची बसवली, तर टायरचा घेर साडेतीन टक्क्यांनी वाढतो. ट्रकच्या संगणकात चाकाच्या मापाची नोंद बदलून घेतली नाही, तर पडद्यावर ६० दिसत असताना ट्रक प्रत्यक्षात ६२ मैलांच्या वेगाने धावत असतो आणि मैलांची नोंद कमी होते. रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापले जाणारे अंतर, घटली म्हणून हळहळणाऱ्यांपैकी काहींची रेंज या चुकीच्या मोजणीमुळे प्रत्यक्षाहून अधिक घटलेली दिसते.

आता रेंजविषयी. २०२३च्या चार मोटरींच्या आणि मोठ्या बॅटरीच्या आर१टीसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, पद्धतीने मोजलेले आकडे असे आहेत: २१ इंची चाकांवर ३२८ मैल, २२ इंची चाकांवर ३०३ आणि २० इंची ऑल-टेरेनवर २८९. ट्रक तोच, बॅटरी तीच, आणि केवळ चाक-टायर बदलल्याने १२ टक्के अंतर गेले. हे कुठे जाते ते समजून घेणे कठीण नाही. टायर फिरताना रस्त्याला टेकणारा भाग दबतो आणि पुन्हा फुगतो. या प्रत्येक दबण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. त्याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात आणि तो वजनाच्या सरळ प्रमाणात वाढतो. या ट्रकचे रिकामे वजनच सात हजार पौंडांच्या, म्हणजे जवळपास ३,२०० किलोंच्या आसपास आहे. माणसे आणि सामान धरून ३,४०० किलो मानू. चांगल्या रस्त्याच्या टायरचा रोध-गुणांक ०.००८ आणि ऑल-टेरेनचा ०.०११ धरला, तर दोघांच्या ओढीत १०० न्यूटनचा फरक पडतो आणि मैलामागे सुमारे ४५ वॉट-अवर वीज जास्त लागते. मैलाला ४५० ते ५०० वॉट-अवर घेणाऱ्या ट्रकमध्ये हा फरक नऊ-दहा टक्के झाला. उरलेला फरक टायरच्या उंचीमुळे आणि खडबडीत नक्षीमुळे वाऱ्याला होणाऱ्या अडथळ्याचा असावा, असे मानायला हरकत नाही.

पण हे ४५ वॉट-अवर पैशांत मोजून पाहावेत. वर्षाला बारा हजार मैल चालवले, तर जास्तीची वीज ५४० युनिट होते. घरच्या दराने हे ८० डॉलरच्या आसपास जाते. ऑल-टेरेन टायर "महाग पडतो" म्हणणाऱ्यांचे गणित येथे चुकते. खर्चाच्या दृष्टीने तो महाग नाही. लांबच्या प्रवासात एखादा चार्जिंगचा थांबा वाढतो, ही त्याची खरी किंमत आहे. वर्षातून दोन-तीनदाच लांब जाणाऱ्याने त्यासाठी नवे रिम आणि नवे टायर यांवर हजारो डॉलर घालणे मला पटत नाही. रोज दीडशे मैल महामार्गावर काढणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याने २१ इंचीच घ्यावे.

एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. युरोपात टायरवर ए ते ई अशी इंधन-कार्यक्षमतेची श्रेणी छापलेले लेबल असते. अमेरिकेत गिऱ्हाईक दुकानात उभे राहून दोन टायरांचा रोलिंग रेझिस्टन्स ताडून पाहू शकत नाही, कारण टायरच्या बाजूवर त्याविषयी काहीच नसते. तेथे असते ते झीज, पकड आणि तापमान यांचे श्रेणीकरण, आणि लाइट ट्रक वर्गातल्या टायरवर तर तेही नसते. त्यामुळे विजेच्या वाहनाच्या मालकाला सर्वांत जास्त गरज असलेला आकडा त्याला इतरांच्या अनुभवावरून अंदाजाने काढावा लागतो.

रेंजच्या चर्चेत एक महत्त्वाची गोष्ट बाजूला पडते, ती म्हणजे भार. माझ्या मते आर१टीसाठी टायर निवडताना सर्वांत आधी पाहायचा आकडा हाच आहे. मापाच्या शेवटी ११६एच असे जे लिहिलेले असते, त्यातला ११६ हा भार-निर्देशांक आहे. त्याचा अर्थ एक टायर योग्य दाबाला १,२५० किलो पेलू शकतो. १११ म्हणजे १,०९० किलो, १२६ म्हणजे १,७०० किलो. पूर्ण भरलेल्या आर१टीचे वजन साडेआठ हजार पौंडांच्या आसपास जाते, म्हणजे सरासरीने एका चाकावर एक हजार किलोंच्या जवळपास. शिवाय सामान आणि ट्रेलरचा भार मागच्या आसावर जास्त येतो. माप जुळते म्हणून कमी निर्देशांकाचा टायर बसवला, तर तो बसेल, फिरेल, आणि कोणाला काही कळणारही नाही, पण उन्हाळ्यात महामार्गावर भरलेल्या ट्रकखाली तो आपल्या मर्यादेच्या काठावर तापत राहील. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर लावलेल्या स्टिकरवर प्रत्येक आसाचा कमाल भार, मूळ टायरचे माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. दुकानात जाण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवावा.

या फोटोचा उपयोग मला प्रत्यक्ष झाला. आमच्या भागातल्या एका टायरच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने २७५/६५ आर २० हे माप संगणकात घातले, तेव्हा यादी भरभरून आली. पण तिच्यातले बहुतेक टायर एलटी, म्हणजे लाइट ट्रक वर्गातले, ई भार-श्रेणीचे, म्हणजे जास्त दाबाला जास्त भार पेलणारे, होते. याचे कारण साधे आहे: हेच माप एलटी रूपात फोर्डच्या सुपर ड्यूटीसारख्या अवजड पिकअपना लागते आणि तो बाजार रिव्हियनपेक्षा कितीतरी मोठा आहे. "तुमची गाडी जड आहे, तेव्हा ई श्रेणीच घ्या, अधिक मजबूत असते," असे तो सांगू लागला. हा सल्ला ऐकायला बरोबर वाटतो आणि म्हणूनच तो तपासून घ्यावा लागतो.

एलटी टायरवरचा १२६ हा निर्देशांक ८० पीएसआय दाबाला लागू होतो. आर१टीचा शिफारस केलेला दाब चारही चाकांना ४८ पीएसआय आहे. तेवढ्या दाबाला एलटी टायर १,७०० किलो पेलत नाही. त्याची भारक्षमता पुष्कळ खाली येते, आणि ती नेमकी किती ते उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यात पाहावे लागते. उलट मूळ एक्सएल, म्हणजे प्रवासी गाड्यांच्या वर्गातला जादा भाराचा (एक्स्ट्रा लोड), टायर आपली पूर्ण क्षमता यापेक्षा कमी दाबातच गाठतो. म्हणजे जास्त मजबूत म्हणून घेतलेला टायर जुन्याच दाबावर चालवला, तर तो मूळ टायरपेक्षा कमी भार पेलत असण्याची शक्यता आहे. आणि त्यासाठी दाब वाढवला, तर ट्रक दगडासारखा उसळतो. त्यातच एलटी टायरच्या बाजूंना जाड थर असल्याने तो स्वतः जड असतो, दबताना जास्त ऊर्जा खातो आणि रेंज आणखी कमी करतो. बीएफगुडरिचचा केओ२ हा या मापातला नावाजलेला एलटी टायर आहे, आणि जे यूटा राज्यातल्या मोआबच्या खडकांवर ट्रक चढवतात किंवा नित्य अवजड ट्रेलर ओढतात, त्यांच्यासाठी त्याची जाड बाजू हीच विम्याची पॉलिसी आहे. माझ्यासारख्या वापरात मात्र त्या जाडीचे ओझे रोज वाहायचे आणि तिचा उपयोग वर्षातून एकदाही करायचा नाही, असे होईल. काउंटरवरच्या माणसाला स्टिकरचा फोटो आणि ४८चा आकडा दाखवल्यावर त्याने स्वतःहून यादी एक्सएलवर गाळली. त्यानंतर पडद्यावर मोजकेच पर्याय उरले.

त्या मोजक्या पर्यायांत दोन विचार करण्याजोगे होते. एक म्हणजे टोयोच्या ओपन कंट्री ए/टी ३ची ईव्ही आवृत्ती, जी याच वर्गातल्या विजेच्या पिकअपसाठी काढलेली आहे. दुसरा म्हणजे मूळचाच, पिरेलीचा स्कॉर्पियन ऑल टेरेन प्लस. मी दुसरा घेतला. सगळे जण मूळ टायरपासून दूर जाण्याच्या गोष्टी करत असताना हे काहीसे नीरस वाटेल, पण माझा विचार असा होता की या टायरवरची रेंज ईपीएच्या आकड्यांतच मोजलेली आहे, ट्रकची सस्पेन्शन त्याच्याशी जुळवलेली आहे आणि बर्फावरचा त्याचा अनुभव गाठीशी आहे. नव्या टायरकडून जास्तीत जास्त जे मिळाले असते, ते मला आधीच ठाऊक असलेल्या टायरकडून जवळपास तेवढेच मिळत होते.

येथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे. या टायरच्या बाजूवर नाव आणि माप यांशिवाय दोन खुणा असतात: "आरआयव्ही" ही अक्षरे आणि "इलेक्ट" हा शब्द. पहिली खूण रिव्हियनसाठी खास बनवलेल्या आवृत्तीची, दुसरी विजेच्या वाहनासाठी केलेल्या रचनेची. याच नावाचा टायर या खुणांशिवायही बाजारात मिळतो. त्याची नक्षी वरवर सारखीच दिसते, पण रबराचे मिश्रण आणि आतली बांधणी सारखीच असेल असे गृहीत धरता येत नाही. किमतीत फरक दिसला, किंवा वॉरंटीच्या अटी वेगळ्या दिसल्या, तर त्याचे कारण बहुधा हेच असते. मागवताना खुणेसह मागवावा आणि टायर रिमवर चढवण्यापूर्वी स्वतः डोळ्यांनी पाहावा. त्याच वेळी टायरवरच्या डॉटच्या, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या, लांब क्रमांकातले शेवटचे चार आकडेही वाचावेत: २३२४ असेल तर तो टायर २०२४च्या २३व्या आठवड्यातला आहे. गोदामात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर नव्याच्या भावाने घेण्याचे काही कारण नाही.

२१ इंची पर्यायाविषयी माझे मत चांगले आहे, पण एका अटीवर. तो सर्वांत शांत आहे, सर्वांत कमी वीज घेतो आणि ओल्या रस्त्यावर त्याचा ब्रेक ऑल-टेरेनपेक्षा लवकर लागतो. अडचण आहे ती उपलब्धतेची: २७५/५५ आर २१ हे माप फार थोड्या वाहनांना लागते, त्यामुळे निवड तोकडी राहते आणि गावाबाहेर कुठे टायर कापला गेला, तर जवळच्या दुकानात तोच टायर हाती लागेल याची खात्री नसते. घरापासून शे-दोनशे मैलांच्या परिघात फिरणाऱ्याला हे चालेल. २२ इंचीविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. दिसायला देखणे आहे, रेंजमध्ये मात्र २१ इंचीपेक्षा मागे आहे. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगमध्येही २२ इंची चाकांची प्लॅटिनम आवृत्ती ३०० मैलांची होती, तर तीच मोठी बॅटरी असलेली खालची आवृत्ती ३२० मैलांची. तेथे वजनाचाही वाटा आहे हे खरे, पण चाकाचाही आहेच.

बाहेरचे रिम घ्यायचे असतील, तर पाच बोल्ट १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर, म्हणजे साडेपाच इंचांवर बसतात, एवढे पाहून थांबू नये. हेच बोल्टचे माप अनेक हलक्या गाड्यांनाही असते आणि त्यांच्यासाठी ओतलेले रिम या ट्रकवर सहज चढतात. रिमच्या आतल्या बाजूला त्याची भारक्षमता कोरलेली असते. ती मागच्या आसाच्या कमाल भाराच्या निम्म्याहून कमी नसावी. मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते माप) आणि ब्रेक-कॅलिपरला मिळणारी जागा या तिन्ही गोष्टी दुकानदाराकडून लेखी घ्याव्यात. आणि चारही चाकांत दाब दाखवणारे सेन्सर बसवून घ्यावेत.

आता टिकाऊपणाकडे वळतो. पहिल्या संचाचे पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर झिजले, आणि या ट्रकच्या अनेक मालकांचा अनुभव असाच आहे. चार मोटरींच्या आर१टीमध्ये वीज वाचवण्यासाठी असलेल्या कॉन्झर्व्ह मोडमध्ये ट्रक पुढच्या दोन चाकांवर चालतो आणि उंचीनेही खाली बसतो. तीन हजारांहून अधिक किलोंचे धूड ओढण्याचे, वळवण्याचे आणि पुनर्जनित ब्रेकने (ज्यात मोटरच वेग कमी करून वीज बॅटरीत परत भरते) थांबवण्याचे काम त्या दोनच टायरांकडे येते. शिवाय उंची बदलली की चाकाचा कल किंचित बदलतो, त्यामुळे आतली कड लवकर घासली जाऊ शकते. कॉन्झर्व्ह मोड लांबच्या, सपाट, सरळ महामार्गासाठी आहे. शहरात सिग्नलगणिक थांबत-सुटत जाताना त्यात वाचलेली वीज टायरच्या रूपाने परत द्यावी लागते. वर दिलेला मैलामागचा हिशेब आठवला, तर हा सौदा तोट्याचा आहे हे लक्षात येते. रोटेशन साडेसात हजार मैलांपर्यंत लांबवण्यापेक्षा मी आता पाच-सहा हजारांतच करून घेतो. चारही टायर एकाच मापाचे असल्याने पुढचे मागे नेण्यात काही अडचण नाही, आणि पूर्ण मापाची स्टेपनी असेल तर तीही फेऱ्यात घ्यावी. नाही तर बाकीचे चार झिजून जातात आणि पाचवा हौद्याच्या तळाखालच्या कप्प्यात नुसता जुना होतो.

दोनच टायर बदलले तर चालतील का, असे पुष्कळ जण विचारतात. प्रत्येक चाकाला वेगळी मोटर असल्याने पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारी यांत्रिक दांडी येथे नाही, त्यामुळे इतर फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांप्रमाणे गिअर बिघडण्याची भीती नाही. तरीही निसरड्या रस्त्यावर पुढे नवी आणि मागे झिजलेली नक्षी असणे वाईटच. दोनच घ्यायचे असतील, तर नवे मागे बसवावेत.

केव्हा बदलायचे, हा प्रश्न कोलोरॅडोत कायद्यानेच सोडवलेला आहे. बहुतेक राज्यांत २/३२ इंच नक्षी उरेपर्यंत टायर कायदेशीर असतो. पण आय-७० वर डॉटसेरो ते मॉरिसन या डोंगरी पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात चारही चाके ओढणाऱ्या वाहनालासुद्धा किमान ३/१६ इंच, म्हणजे ६/३२ इंच, नक्षी लागते. दुकानातल्या माणसाने टायरच्या खाचेत मापक रोवला, तेव्हा मागच्या टायरांत सहा आणि पुढच्यांत चार आले. त्याच्या मापकावर चार हा आकडा पिवळ्या पट्ट्यात होता, म्हणजे "लवकरच बदला"; पण आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्याकडे निघालेल्या माणसासाठी तो तांबडाच. घरी मापक नसेल, तर २५ सेंटचे नाणे खाचेत उलटे धरावे: वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा काठ दिसू लागला की नक्षी ४/३२ वर आली. या पट्ट्यात राहणाऱ्यांनी नाण्याची ही खूण येण्यापूर्वीच नवे टायर घेतलेले असावेत. टायरच्या बाजूवर तीन शिखरे आणि हिमकण यांचे चिन्ह आहे का, तेही पाहावे. ते बर्फावरच्या चाचणीत उतरलेल्या टायरलाच मिळते. बर्फावरच्या पकडीसाठी नुसते एम आणि एस (मड अँड स्नो) ही अक्षरे असणे पुरेसे नाही. मी घेतलेल्या टायरवर ते चिन्ह आहे.

नव्या संचाचा आजवरचा अनुभव समाधानाचा आहे. व्हेल पासच्या चढावर ताज्या बर्फात ट्रक जेथे वळवावा तेथे वळतो, आणि खडीच्या रस्त्यावर ४८ पीएसआयवरही अंग खिळखिळे होत नाही. ऑल-टेरेन नक्षीची गुणगुण ६५ मैलांच्या पुढे ऐकू येतेच. इंजिनाचा आवाज नसल्याने ती विजेच्या ट्रकमध्ये अधिक जाणवते, आणि ज्याला ती खटकते त्याने २१ इंचीचा विचार करावा. पावसात थांबण्याचे अंतर रस्त्याच्या टायरपेक्षा जास्त लागते हे गृहीत धरून पुढच्या गाडीपासून अंतर राखतो.

नवे टायर बसवल्यावर रेंज घटली असे वाटून कोणी घाबरू नये. झिजलेल्या टायरवर रबर कमी असते, म्हणून दबणेही कमी आणि ऊर्जेचा नाशही कमी. तोच टायर नव्याने बसवला तरी पहिल्या काही हजार मैलांत वीज जास्त लागते. जुन्या संचाच्या शेवटच्या महिन्यातला आकडा आणि नव्या संचाच्या पहिल्या आठवड्यातला आकडा यांची तुलना करून टायरला नावे ठेवणे अन्यायाचे आहे. शिवाय हे बहुधा शरद ऋतूत घडते, आणि थंडी आपला वाटा वेगळा घेत असते.

थंडीचा परिणाम दाबावरही होतो: तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरले की दाब साधारण १ पीएसआयने उतरतो. दुपारी ७० अंशांत, तापलेल्या गॅरेजमध्ये ४८ भरलेला टायर पहाटे ३० अंशांत ४४ दाखवतो. उलट समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवरच्या डेन्व्हरहून अकरा हजार फुटांवर चढताना बाहेरच्या हवेचा दाब घटतो, त्यामुळे मापक दोन-एक पीएसआय जास्त दाखवते. ते पाहून हवा सोडू नये. दाब नेहमी सकाळी, ट्रक हलवण्यापूर्वी, घरीच पाहावा.

बसवणाऱ्या दुकानाविषयी काही सूचना आहेत. ट्रक उचलताना जॅक ठरलेल्या चार जागांवरच लावला जातो की नाही हे उभे राहून पाहावे, कारण मधला सगळा भाग बॅटरीचा आहे. आणि एअर सस्पेन्शनने मध्येच उंची बदलू नये म्हणून पडद्यावरून ती आधी थांबवून द्यावी. चाकाचे नट हवेच्या बंदुकीने ठोकून न सोडता टॉर्क पान्याने, मालक-पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकेच आवळून घ्यावेत. पन्नास ते शंभर मैल चालवल्यानंतर ते पुन्हा एकदा तपासावेत. चांगले दुकान हे काम फुकट करते, आणि त्यासाठी आधी वेळ घ्यावी लागत नाही.